डाव्या पायाचं काम

मागच्या महिन्यात प्रल्हाद मास्तरांची गाडी विकली गेली. घेणारा रिसोडचा होता, सोयाबीनच्या व्यापारातला, बोलायला बरा माणूस. त्याने गाडीभोवती चकरा मारल्या, बोनेट उघडून पाहिलं, टायरला लाथ मारली (गाडी घ्यायला आलेला प्रत्येक माणूस टायरला लाथ का मारतो, हे मला अजून कळलेलं नाही) आणि म्हणाला, "काकू, एक राउंड मारून पाहू काय?"

मास्तरांच्या बायको, सुमनकाकू, म्हणाल्या, "मार ना बाप्पा. मी बी येतो संगं." चपला बाहेर काढून त्या पुढे, डावीकडच्या सीटवर बसल्या. मी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. गाडी सुरू झाली, त्याने गियर टाकला, अॅक्सिलेटर दिला, पण गाडी जागची हलेना. नुसती ओरडत राहिली. त्याने पुन्हा गियर टाकून पाहिला. पुन्हा तेच.

"क्लच गेला वाट्टे इचा," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष खाली गेलं. "काकू, तुमचा पाय पेडलवर हाय."

काकूंनी पाय काढला. दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसल्या, आणि गाडी चालू लागली.

ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीला डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. विद्यार्थी घाबरला, चुकला, तर शेजारी बसलेल्या मास्तराला गाडी सांभाळता यावी म्हणून. पण काकूंनी कधी कोणाला गाडी शिकवली नाही. त्यांना स्वतःला गाडी येत नाही. तरी त्यांचा पाय आपसूक तिथे गेला. तो का गेला हे सांगायचं म्हणजे मास्तरांबद्दल सांगणं आलं. आणि खरं सांगू, मास्तरांबद्दल बोलायला मला निमित्तच हवं होतं.

आमचं मालेगाव म्हणजे वाशीम रोडवरचं. बाहेरगावी नाव घेतलं की लोक नाशिककडचं समजतात, म्हणून आम्हाला दरवेळी पुढे जहांगीर जोडावं लागतं. तर या मालेगावात ज्याला ज्याला गाडी येते, त्यातल्या निम्म्यांनी तरी मास्तरांच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. त्यांच्या शाळेला पाटी होती, पाटीवर नावही होतं, पण ते कधी कोणी वाचलं नाही. सगळे 'मास्तरची शाळा'च म्हणत. शाळा म्हणजे एक गाडी आणि जुन्या कापसाच्या जिनिंगचं मैदान. जिनिंग बंद पडून जमाना झाला. आत बाभळी माजल्या, पुढचं मैदान मात्र मोकळं राहिलं. मैदानाच्या एका कडेला मास्तरांचं घर, दुसऱ्या कडेला माझं शिवणकामाचं दुकान. माझं मशीन खिडकीशी आहे. ब्लाउज शिवता शिवता वीसेक वर्षं मी त्या मैदानावर लोकांना गाडी शिकताना पाहत आले. नाटक-सिनेमाला जायची मला कधी गरज पडली नाही.

मास्तर उंच, वाळके, पँटचे पाय घोट्याच्या वर दुमडलेले, गळ्यात रुमाल. हॉर्न ते वाजवत नसत. "हॉर्न म्हंजे शिवी," म्हणत. तोंडाने मात्र शिव्यांची कमतरता नव्हती. त्यांचं सगळं शास्त्र पायात होतं. नवा माणूस स्टिअरिंग घट्ट धरून बसला की त्याच्या हातावर चापट मारून सांगत, "हे सोड. हात फक्त दाखवाले असतात. गाडी पायानं चालते. आन् उजवा पाय हावरट असते, त्याले नुसतं पुढं पयाचं असते. शानपन सारं डाव्या पायात. डाव्या पायाले काम पाह्यजे." हे शेवटचं वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की गावातली माणसं कोणी रिकामं बसलेलं दिसलं तरी म्हणत, याच्या डाव्या पायाले काम द्या कोणीतरी.

आणि त्यांचा एक नेम होता. गाडीत बसायचं ते अनवाणी. चपला बाहेर. "क्लच तळव्याले समजते, चपलीले नाई समजत." तहसीलचा साहेब पॉलिश केलेले बूट घालून आला तरी मास्तर दार अडवून उभे. "साहेब, बूट." साहेब मोजे काढून, पँट सावरून बसत. त्यामुळे सकाळी मैदानाच्या कडेला चपलांची रांग लागलेली असायची. नवख्या माणसाला वाटावं, मागे बाभळीत कुठे कीर्तन चालू आहे. एकदा कुत्र्याने एका तलाठ्याची एक चप्पल पळवली. तलाठीभाऊ एका चपलीने ऑफिसात गेले, आणि चिडायचं सोडून सगळ्यांना सांगत सुटले की मास्तरकडे शिकून राह्यलो. शिकणाऱ्यांना त्या नेमाचा अभिमान वाटायचा, असा तो माणूस होता.

मलाही त्यांनीच शिकवलं. चाळिशी ओलांडली होती, आणि घरी गाडी सोडाच, सायकल नव्हती. मी म्हटलं, "मास्तर, गाडी नाही तर शिकून करू काय?" तर म्हणाले, "ताई, ज्याले पोहता येते, त्याच्या घरी इहीर असतेच काय?" मी शिकले. आजपर्यंत गाडी घेतली नाही ती नाहीच. पण त्या मैदानावर पहिल्यांदा हाफ क्लचवर गाडी अलगद सरकली, तेव्हा जो आनंद झाला तो अजून आठवतो. मास्तर शेजारून एवढंच म्हणाले होते, "पाह्य, समजलं तुह्या पायाले."

अख्ख्या तालुक्याला शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बायकोला मात्र शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवायला घेतलं होतं, एकदा. मी दुकान नवीन टाकलं होतं तेव्हा. काकूंनीच हट्ट धरला होता. गाडी तीन-चारदा बंद पडली, एकदा दणका देऊन पुढे गेली, आणि मास्तर ओरडले. इतर बाया-माणसांवर ओरडत तसेच. पण शेवटी म्हणाले, "तुले या जन्मात क्लच समजणार नाई!" ते मला इथवर ऐकू आलं. काकूंनी दार उघडलं, उतरल्या आणि चालू पडल्या. अनवाणी. चपला मैदानाच्या कडेला तशाच राहिल्या. त्या घरी नाही गेल्या, तरातरा बसस्टँडच्या पलीकडे बहिणीकडे गेल्या. थोड्या वेळाने मास्तर निघाले. एका हातात काकूंच्या चपला. भर बाजाराचा दिवस, आणि प्रल्हाद मास्तर बायकोच्या चपला हातात घेऊन बाजारातून चाललेले. लोक हसले. मास्तरांनी कोणाकडे पाहिलं नाही. चपला बहिणीच्या दारात सरळ करून ठेवल्या आणि उलट पावली परत आले. आत गेले नाहीत, माफी मागितली नाही.

काकू संध्याकाळी घरी आल्या. पण त्यानंतर त्या कधी पुढच्या सीटवर बसल्या नाहीत. लग्नाला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, काकू मागे. कोणी म्हटलं, काकू पुढे बसा ना, तर म्हणत, "पुढची जागा शिकणाऱ्यायची हाय."

नंतर मास्तरांना साखर निघाली. डाव्या तळव्याला मुंग्या येत, मग हळूहळू तो बधिर होत गेला. त्याच सुमाराला शाळेची जुनी गाडी वय होऊन मोडीत निघाली. त्यांची मुलगी मनीषा पुण्याला असते. तिने नवी गाडी घेतली होती, तर आपली जुनी बाबांसाठी पाठवून दिली. चांगली ठेवलेली, निळी गाडी. पण ऑटोमॅटिक. क्लच नाही, गियर टाकायचा नाही. दांडी एकदा पुढे नेली की गाडी आपली आपण चालते.

मास्तरांनी चपला काढल्या, आत बसले आणि मैदानाला एक फेरी मारली. मी पाहत होते. गाडी सरळ चालली होती, पण मास्तरांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू ते अंधारात पायरी शोधतायत. उतरले आणि म्हणाले, "याच्यात माह्या डाव्या पायानं काय करावं? भजन?"

दोन-तीन आठवडे गाडी घरापुढच्या निंबाखाली उभी राहिली. शिकायला येणारे विचारून विचारून वाशीमला जाऊ लागले. शेवटी मास्तरांनी ठरवलं की या गाडीलाच गियर बसवायचा.

मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर रशीदभाईंचं गॅरेज आहे. मास्तरांचे जुने दोस्त. त्यांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, सारी दुनिया गियर सोडून ऑटोमॅटिक पे जा रही, आन् तुमी उल्टे जाऊन राह्यले. काहून?" मास्तर म्हणाले, "दुनियाले जाऊ दे. तिले शिकवाचं नाई." ह्याच कंपनीची, ह्याच बनावटीची, पण गियरवाली गाडी कुठे भंगारात मिळते का याचा शोध सुरू झाला. लग्न जमवायला लागावा तितका वेळ लागला. अखेर अकोल्याच्या भंगारात एक मिळाली, पुढून चेंदामेंदा झालेली, पण पोटातलं सामान शाबूत. तिचा गियरबॉक्स, तिचा क्लच, तिचे पेडल, तिची दांडी, सगळं पोत्यात गुंडाळून मंगरूळपीरला आलं. मास्तर रोज एसटीने जायचे आणि संध्याकाळी हाताला काळं ग्रीस लावून यायचे. काकू म्हणायच्या, "या वयात यायले सासुरवाडी भेटली नवी."

सगळं बसवून झालं. शाळेसाठी डावीकडचा जादा क्लच-ब्रेकही लागला. मास्तरांनी चावी फिरवली, तर गाडी ढिम्म. ना आवाज, ना काही. रशीदभाईंनी बॅटरी पाहिली, स्टार्टर पाहिला, मग हसत सुटले. हा प्रसंग मास्तरांनी मला इतक्यांदा सांगितला आहे की तो मी पाहिल्यासारखाच आहे. रशीदभाई म्हणाले, "मास्तर, इसके दिमाग में अभी भी पुराना डब्बा है. पूछ रही है, लीवर पार्किंग में डाला क्या? अब लीवर कहाँ से लाऊँ, वो तो कोने में पडा है!" जुना ऑटोमॅटिक गियरबॉक्स, तो डब्बा, काढून टाकला होता, पण गाडीच्या डोक्यातून तो गेला नव्हता. रशीदभाईंनी खाली वाकून दोन वायर शोधल्या, एकमेकींना जोडल्या, आणि गाडी सुरू झाली.

दिवाळीला मनीषा आली. तिने गाडीत डोकावून गियरची दांडी पाहिली आणि तिचं तोंड उतरलं. "बाबा, तुमच्या पायासाठी दिली होती मी ही गाडी."

"मंग? पायासाठीच तं गियर बसवला," मास्तर म्हणाले.

ती रडली. काकूंनी तिला आत नेलं. मास्तर निंबाखाली उभं राहून गाडीची काच पुसत राहिले.

शाळा पुन्हा सुरू झाली, चपलांची रांग पुन्हा लागली. त्या रांगेत मास्तरांच्याही चपला. काकू म्हणत, मी म्हणत असे, डॉक्टरने तर बजावून सांगितलं होतं, की साखरेच्या माणसाने अनवाणी फिरू नये. मास्तर 'हो हो' म्हणत आणि चपला काढून मैदान ओलांडत. ज्या पायाला आता काहीच समजत नव्हतं, त्या पायाला क्लच समजावा म्हणून. मला त्या नेमाचा आजही राग येतो. इतका शहाणा माणूस, पण स्वतः घालून दिलेला नेम त्याला मोडता आला नाही.

एका सकाळी काकू गाडी पुसत होत्या. त्यांना क्लचच्या रबरावर तांबडे डाग दिसले. त्यांनी बोटाने पुसून पाहिलं आणि तशाच घरात धावल्या. मास्तर ओट्यावर चहा पीत होते. काकूंनी त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला. तळव्यात बाभळीचा काटा होता, अख्खा आत मोडलेला. किती दिवसांपासून होता कोण जाणे. मास्तरांना पत्ताच नव्हता. भोवतीचं मांस काळं पडलं होतं.

अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या परीने सगळं केलं. पण शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. डावा.

मास्तर घरी आले ते कुबड्या घेऊन. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनीच सुरुवात केली. "ताई, गंमत सांगू? तो पाय अजून खाजोते. रात्री बोटं हालतात त्याचे. झोपेत मी क्लच दाबतो." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "रशीदभाईले इचारा लागते, माह्या डोक्यातले बी दोन वायर जोडता येतात काय म्हून." मी हसले आणि घरी येऊन रडले.

नकली पाय बसवून पाहिला. तो पेडलवरून घसरायचा. त्यांनी तो भिंतीला टेकवून ठेवला आणि पुन्हा घातला नाही. शिकणारे आले नाहीत, येणार तरी कसे? मास्तर सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे, समोर निंबाखाली झाकलेली गाडी. झाकणावर निंबाचा पाला पडत राहायचा. पूर्वी तोंडाला कुलूप नसलेला माणूस, पण आता चार हाका मारल्या तर एकीला ओ द्यायचा. जेवण कमी झालं. काकू माझ्याकडे येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "उषा, पाय गेला त्याचं नाई व. पन ह्या मानसाचं सारंच जाऊन राह्यलं." त्या माणसाला गाडीपासून वेगळं केलं तर मागे काही उरत नव्हतं, हे आम्हा दोघींना दिसत होतं. फक्त त्यावर काय करावं हे मला सुचत नव्हतं. काकूंना सुचलं.

एका सकाळी मशीनवर बसले होते, तर मैदानात काकू. त्यांनी गाडीचं झाकण ओढून काढलं, घडी केली, निंबाखाली ठेवलं. मग चपला काढल्या आणि पुढचं दार उघडून बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढे बसल्या, आणि बसल्या त्या डाव्या सीटवर, शिकवणाऱ्याच्या जागी. काच खाली करून हाक मारली, "अवो! या. किती दिवस बसान तथी? क्लच मी दाबतो."

मास्तर खुर्चीवरून बघत राहिले. मग म्हणाले, "तुले नाई जमणार."

"नाई जमलं तं चपला घिऊन या मांगून."

मास्तरांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. मग त्यांनी कुबड्या घेतल्या आणि ते उठले. गाडीच्या दाराशी येऊन उजवी चप्पल काढली, कुबड्या मागे टाकल्या आणि स्टिअरिंगपुढे बसले. अॅक्सिलेटर आणि ब्रेक त्यांच्या उजव्या पायाला, गियर त्यांच्या हाताला, आणि क्लच काकूंच्या पायाला. अशी ती गाडी निघाली.

निघाली म्हणजे काय, उड्या मारत निघाली. "क्लच!" म्हटलं की काकूंचा पाय ब्रेकवर. दोघांची डोकी समोर काचेकडे. मास्तर ओरडले, "काय करून राह्यली वं!" तर काकू शांतपणे म्हणाल्या, "आवाज कमी. मास्तरच्या जागेवर मी हाव." मी सुई थांबवली आणि खिडकीशी उभी राहिले. आमच्या गावातलं सगळ्यात मोठं नाटक त्या दिवशी फुकट चाललं होतं, आणि मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

रस्त्यावर मात्र मास्तरांनी गाडी कधीच नेली नाही. कोणी सुचवलं तर म्हणायचे, "लायसन दोन पायाच्या मानसाचं हाय. जन्मभर लोकायले नियम शिकवले, आता मोडू?" त्यांचं सगळं चालवणं मैदानातच. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत. आधी सरळ, मग वळण, मग रिव्हर्स. मग परीक्षेला घेतात तसा आठाचा आकडा. शब्द हळूहळू कमी होत गेले. पहिल्यांदा 'क्लच', 'सोड', 'हळू, हळू' असं ऐकू यायचं. मग नुसतं 'हं'. मग तेही नाही. मी काकूंना विचारलं, "तुम्हाला कसं कळतं केव्हा दाबायचं ते?" म्हणाल्या, "भगोन्यात दूध वर येते नं, तसा गाडीचा आवाज चढते. मंग त्यायचा हात गियरवर जाते. त्याच्या जराकसं आधी दाबाचा." एवढं बोलून लाजल्या, साठीच्या बाई.

मास्तर पुन्हा जेवू लागले. मला पुन्हा टोमणे मारू लागले, की तुमच्या मशीनचा पट्टा सैल झाला, आवाज येऊन राह्यला इथवर.

मध्ये एकदा रशीदभाई आले होते. मी मास्तरांच्या शर्टाची बटणं लावून घेऊन गेले होते, म्हणून तिथेच होते. रशीदभाई ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि जरा चाचरत म्हणाले, "मास्तर, जुना डब्बा अजून गॅरेजात हाय. मी फेकला नाई. मनीषाबेटीचा बी फोन आलता. तुमी हो म्हना, परत बसवून देतो. मंग क्लचच नाई लागत. एका पायानं आरामात चालवान. लायसनचं बी पाहता येईन. तुमचे तुमी जान मंगरूळपीरले."

हे अगदी सरळ होतं, खरं होतं, आणि आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या गाडीत मास्तरांना एकट्याने, कोणाच्या पायाची वाट न बघता, हवं तिथे जाता आलं असतं. जे गेलं होतं ते जवळजवळ सगळं परत मिळत होतं. काकू दारात कपबशा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पटकन म्हटलं, "बसवा मंग, भाऊ. बरं होईन." पण म्हणताना त्या मास्तरांकडे पाहत नव्हत्या, हातातल्या कपांकडे पाहत होत्या.

मास्तरांनी रुमालाने तोंड पुसलं. "नको," म्हणाले.

"काहून, मास्तर?"

"डाव्या पायाले काम पाह्यजे," मास्तर म्हणाले, आणि डोक्यानेच दाराकडे खूण केली.

काकू कपबशा घेऊन आत गेल्या. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज झाला नाही.

पौषात मास्तर गेले. सकाळी उठलेच नाहीत. मनीषा येईपर्यंत काकू त्यांच्या उशाशी बसून होत्या. गाडी पुन्हा झाकली गेली, पुन्हा तिच्यावर पाला पडू लागला, आणि मागच्या महिन्यात ती रिसोडला गेली. रशीदभाई म्हणतात, विकायला नको होती. पण काकूंना गाडी येत नाही आणि निम्मी गाडी ठेवून करायचं काय?

मी मात्र मास्तरांना शेवटचं असं पाहिलं. ते जाण्याच्या आठवडाभर आधीची सकाळ असेल. थंडी मरणाची पडली होती, बाभळींवर धुकं होतं. मी दुकान उघडून पायरी झाडत होते. मैदानाच्या कडेला तीन चपला होत्या: काकूंच्या दोन आणि मास्तरांची एक. निळी गाडी आठ काढत होती. एक आठ झाला, दुसरा झाला. गाडीला एकही झटका नाही, गियर बदलताना तिची मान हलली नाही. कोण चालवतंय हे बाहेरून सांगता आलं नसतं. शेवटी गाडी चपलांपाशी येऊन अलगद थांबली. काचा खाली होत्या.

"आज एक बी झटका नाई," मास्तर म्हणाले.

"मंग? समजलं नं मले क्लच?"

"समजलं," मास्तर म्हणाले. "याच जन्मात समजलं."

काकू उतरल्या. थंड मातीवरून अनवाणीच वळसा घालून मास्तरांच्या बाजूला आल्या, मागच्या सीटवरच्या कुबड्या काढून त्यांच्या हातात दिल्या. मग खाली वाकून त्यांची ती एक चप्पल सरळ करून त्यांच्या पायापुढे ठेवली. मास्तर उठून उभे राहिले, पण त्यांनी चपलेत पाय घातला नाही. आधी कुबडीच्या टोकाने त्यांनी काकूंच्या चपला हळूहळू त्यांच्याकडे सरकवल्या, आणि काकूंनी त्या घालेपर्यंत तसेच एका पायावर उभे राहिले.